विज्ञानकथा कट्ट्यावर मतं जुळली नाहीत तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी संध्याकाळी पाचला आम्ही वीस-पंचवीस जण एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जमतो आणि विज्ञानकथा, सिरीज, सिनेमे यावर बोलतो. सात वर्षं झाली. नवीन माणूस यायच्या आधी मला फोन करतो तेव्हा पत्ता विचारून झाला की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा मतांबद्दलच असतो, माझं मत चालेल ना, कोणी अंगावर येणार नाही ना, असं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून काढतेय. कट्ट्याची सगळ्यांची मिळून ठरलेली उत्तरं म्हणून वाचू नका, बऱ्याच ठिकाणी ती माझी आहेत आणि आमच्यातल्याच काहींना पटत नाहीत.

१. मी फक्त मराठी विज्ञानकथा वाचल्यात, इंग्रजी जवळजवळ काहीच नाही. माझ्या मताला तिथे कोणी विचारेल का?

हो, विचारतील. मराठी विज्ञानकथा शंभर वर्षांहून जुनी आहे, तेवढी नीट वाचलेली असली तरी तुमच्याकडे बोलायला खूप आहे. आणि याच्या उलटही चालतं. आमच्याकडे एक काका आहेत, त्यांनी पुस्तक एकही वाचलेलं नाही पण ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी स्टार ट्रेक लागायचं तेव्हापासून ते बघतायत, आणि दोघी-तिघींची सुरुवात कॅप्टन व्योमपासून झालीये. कुठून आलात याने काही फरक पडत नाही.

अट एकच आहे, ज्याच्यावर बोलताय ते तुम्ही स्वतः वाचलेलं किंवा बघितलेलं पाहिजे. अर्धवट सोडलं असेल तर तेही चालतं, "मी साठ पानांनंतर सोडलं, कारण मला अमुक सहन होईना" हेसुद्धा मतच आहे, फक्त साठ पानं हे आधी सांगायचं. दुसऱ्याच्या रिव्ह्यूवरून बनवलेलं मत आपलं म्हणून मांडलं की पाच मिनिटांत कळतं आणि मग पुढचं बोलणंच होत नाही.

२. समोरच्याचं मत पटलं नाही तरी "मान्य करायचं" म्हणजे नक्की काय करायचं? गप्प बसायचं का?

अजिबात नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि याच्यावरच सगळ्यात जास्त घोटाळा होतो, लोकांना वाटतं मत मान्य करायचं म्हणजे "ज्याची त्याची आवड" म्हणून विषय मिटवायचा. मला तर ते वाक्य ऐकलं की वाईट वाटतं. समोरचा माणूस दोन तास पुस्तकावर विचार करून आलाय आणि तुम्ही एका वाक्यात त्याच्या विचाराचं दार लावून घेता.

मान्य करायचं ते इतकंच, की हाही माणूस तेच पुस्तक वाचून, आपल्याइतकंच डोकं लावून वेगळ्या ठिकाणी पोचलाय. एवढं मान्य केलं की मग खुशाल वाद घाला. मत खोडा, पुरावा मागा, पान नंबर विचारा, फक्त ते हसण्यावारी नेऊ नका.

याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण जयंत नारळीकर सरांचं आहे. आपल्यातल्या बहुतेकांना विज्ञानकथेचं वेड त्यांच्यामुळे लागलं. पण खगोलशास्त्रात ते जवळजवळ आयुष्यभर अल्पमतात होते. विश्वाला सुरुवात होती, महास्फोट झाला, हे त्यांना आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांना पटत नव्हतं (गंमत म्हणजे बिग बँग हा शब्दच हॉइल यांनी १९४९ साली रेडिओवर बोलताना वापरला आणि तोच रुळला). १९६५ साली सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे गेले. हे दोघं थांबले नाहीत, १९९३ साली जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सुधारलेला सिद्धांत मांडला. बहुतेकांना तोही पटला नाही, आणि पटला नाही हे त्यांनी पेपर लिहून, आकडे मांडून सांगितलं. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली ती याच अल्पमतातल्या माणसाच्या हाताखाली, आणि तिथे महास्फोट मानणारे लोक बिनधास्त काम करत होते. २० मे २०२५ ला सर गेले त्यानंतरच्या कट्ट्याला आमच्याकडे फिजिक्स शिकवणारे एक सर बोलले, ते स्वतः महास्फोटवाले, पण त्या दिवशी अर्धा तास ते फक्त नारळीकरांची बाजू किती नेटकी होती ते समजावून सांगत होते. आपल्याला न पटणारी बाजू इतक्या नीट मांडता येणं, मला वाटतं मत मान्य करणं म्हणजे हे.

३. विज्ञान चुकलं असेल तर ती विज्ञानकथा राहते का? याच्यावर तुमच्याकडे नेहमी भांडण होतं म्हणे.

होतं, आणि ते मिटणार नाहीये. आमच्याकडे दोन तट आहेत, आम्ही त्यांना गणितवाले आणि गोष्टवाले म्हणतो. गणितवाल्यांचं म्हणणं, अंतराळात स्फोटाचा आवाज आला की तिथेच विश्वास उडतो, विज्ञान काढून घेतलं तरी जी गोष्ट तशीच उभी राहते ती विज्ञानकथाच नाही, ती परीकथा आहे फक्त परीला स्पेससूट घातलाय. गोष्टवाल्यांचं म्हणणं, विज्ञान तर दर वीस वर्षांनी बदलतं, मग जुन्या सगळ्या कथा फेकून द्यायच्या का, आणि माणसाला त्या यंत्राने काय झालं ते मला कळलं तर मला पुरे.

मी स्वतः गोष्टवाली आहे. पण गणितवाल्यांचा राग मला का आवडतो ते सांगते. लॅरी निव्हेन यांची रिंगवर्ल्ड नावाची कादंबरी १९७० साली आली, दूरच्या एका ताऱ्याभोवती बांधलेलं एक प्रचंड कडं, त्यावर लोक राहतात. १९७१ साली बॉस्टनच्या वर्ल्डकॉनला, म्हणजे जगभरच्या विज्ञानकथाप्रेमींच्या वार्षिक मेळाव्याला, एमआयटीची पोरं हॉटेलच्या पॅसेजमधून घोषणा देत फिरली की रिंगवर्ल्ड स्थिर नाहीये! आणि त्यांचं बरोबर होतं, असं कडं जरा सरकलं की सरकतच जाऊन त्या ताऱ्यावर आपटेल. निव्हेन यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, १९८० साली पुढची कादंबरी लिहिली आणि त्यात कडं जागेवर ठेवायची यंत्रं घातली. म्हणजे वाचकांनी चूक दाखवली आणि त्यातून एक अख्खं पुस्तक आलं.

आता गोष्टवाल्यांसाठी त्याच पुस्तकातलं दुसरं. पहिल्या आवृत्तीत पहिल्याच प्रकरणात पृथ्वी उलट्या दिशेने फिरते. एवढ्या चुका असून त्या कादंबरीला ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पुरस्कार मिळाले. दोन्ही तट या एकाच पुस्तकावर हक्क सांगतात आणि दोघांचंही खरं आहे.

नवीन येणाऱ्याला एकच सांगणं, "ही विज्ञानकथाच नाही" असं म्हणायचं असेल तर तुमच्या मते विज्ञानकथा म्हणजे काय ते त्याच दमात सांगा. नाहीतर ते मत राहत नाही, दारावरचा शिक्का होतो.

४. सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं पुस्तक मला कंटाळवाणं वाटलं. सांगू का?

सांगा, आणि शक्यतो लवकर सांगा. सगळे कौतुक करत असले की चर्चा वीस मिनिटांत संपते आणि लोक चहाकडे बघायला लागतात. कंटाळा कुठे आला ते मात्र नेमकं सांगा, कुठल्या प्रकरणात, कोणाच्या बोलण्यात. आमच्याकडे एका ताईंनी एका गाजलेल्या कादंबरीबद्दल सांगितलं होतं की चारशे पानांत एकाही बाईला भूक लागत नाही, कोणी काही शिजवत नाही, हे लोक जगतात कशावर. त्यानंतर मी ते पुस्तक परत वाचलं आणि ते मला पूर्वीसारखं वाचताच आलं नाही.

५. सगळ्यांनी झोडपलेला सिनेमा मला खूप आवडलाय. हे सांगायला जास्त भीती वाटते.

वाटणारच, कारण हे खरंच जास्त अवघड आहे. न आवडणारा माणूस चोखंदळ दिसतो आणि आवडणारा भोळा दिसतो, त्यामुळे आवड सांगायला नेहमी जास्त धीर लागतो.

इथे मला एक सांगायचंय. तिसऱ्या का चौथ्या वर्षी कट्ट्यावर बारावीतली एक मुलगी यायला लागली, कल्याणहून यायची, वही घेऊन. एकदा विषय होता एक सिनेमा जो आमच्यातल्या झाडून सगळ्यांना वाईट वाटला होता. सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती म्हणाली की मला तो फार आवडला, मी तीनदा बघितला. आणि आम्ही हसलो. कोणी वाईट बोललं नाही, टोमणा मारला नाही, मोठी माणसं लहान मुलांना हसतात तसं प्रेमानेच हसलो असं तेव्हा मला वाटलं, मीपण हसले. तिने वही मिटली. पुढे काही बोलली नाही, पुढच्या महिन्यात आली नाही, मी फोन केला तर म्हणाली परीक्षा आहे, आणि मग कधीच आली नाही.

तिला तो सिनेमा का आवडला होता ते आम्हाला आजही माहीत नाही. तीनदा बघितला म्हणजे तिला त्यात असं काहीतरी दिसलं होतं जे आम्हा वीस जणांना दिसलं नव्हतं, आणि ते वहीत लिहिलेलं होतं. त्या दिवशी कोणी तिच्याशी कचकचून भांडलं असतं तर तिने वही उघडून उत्तर दिलं असतं. भांडणात निदान समोरच्याचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं.

त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. वेगळं मत आलं की सगळ्यात आधी एकच प्रश्न, "कुठला सीन?" किंवा "कुठलं पान?" बाकी सगळं त्याच्या नंतर.

६. "खरा फॅन" असं बोलणार नाही वगैरे लोक म्हणतात. खरा फॅन कोण ते ठरलंय का?

नाही, आणि हा शब्द आमच्याकडे वापरू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. १९६८ साली स्टार ट्रेक बंद पडणार होतं, बीजो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या नवरा-बायकोने पत्रमोहीम चालवली, चॅनेलकडे पत्रांचा ढीग पडला आणि तिसरा सीझन मिळाला. आता तो तिसरा सीझन, जो चाहत्यांनी झगडून मिळवला, तो तीन सीझनमधला सगळ्यात कमजोर आहे असं कित्येक चाहतेच म्हणतात. मग खरे फॅन कोण, पत्रं लिहिणारे की नावं ठेवणारे? बऱ्याचदा तीच माणसं दोन्ही असतात.

त्याच सीझनमध्ये स्पॉक या पात्राच्या गळ्यात एक पदक दिसतं, त्याच्या वल्कन या परग्रहावरच्या लोकांचं तत्त्वज्ञान, अनंत वैविध्य अनंत प्रकारे एकत्र येतं अशा अर्थाचं. कितीतरी चाहते आजही ते आपलं ब्रीद मानतात. पण स्पॉकचं काम करणारे लेनर्ड निमॉय शूटिंगच्या वेळी त्यावर नाराज होते, कारण ते पदक निर्माते जीन रॉडनबेरी यांना आपल्या कंपनीतर्फे विकायचं होतं आणि त्याच्या जाहिरातीसाठी तो सीन घुसडलाय असं त्यांना वाटत होतं. म्हणजे मतभेदांचा आदर शिकवणाऱ्या पदकावरच सेटवर मतभेद झाले. मला ते पदक याच्यामुळे जास्तच आवडतं.

७. कॅननवरून, म्हणजे अधिकृत कथेत काय धरायचं यावरून, वाद झाला तर कोणाचं ऐकायचं, कंपनीचं की आपलं?

कंपनी काय म्हणते ती माहिती आहे, आणि तुम्हाला काय खरं वाटतं ते मत आहे, दोन्ही वेगळं ठेवलं की निम्मं भांडण संपतं. एप्रिल २०१४ मध्ये लुकासफिल्मने जाहीर केलं की स्टार वॉर्सच्या त्याआधीच्या बहुतेक सगळ्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स यापुढे अधिकृत इतिहासात धरायच्या नाहीत, त्यांच्यावर लेजंड्सचा शिक्का बसला. आमच्यातल्या एकाने ती पुस्तकं फूटपाथवरून एकेक करत पंधरा वर्षं जमवली होती. त्याला जाऊन "ते आता कॅनन नाहीये" असं सांगणं माहितीच्या दृष्टीने बरोबर आहे आणि त्याला त्याचा काही उपयोग नाही, ती माणसं त्याच्या डोक्यात जगलीयेत.

दुसरं, कधीकधी कथेतलं भोक बुजवण्यापेक्षा ते तसंच ठेवलेलं बरं असतं. साठच्या दशकातल्या स्टार ट्रेकमध्ये क्लिंगॉन या परग्रहवासीयांची कपाळं सपाट होती, १९७९ च्या सिनेमात एकदम कंगोरे आले. १९९६ च्या एका एपिसोडमध्ये वॉर्फ या क्लिंगॉन पात्राला याबद्दल विचारतात तर तो म्हणतो आम्ही बाहेरच्यांशी त्यावर बोलत नाही. २००५ मध्ये मग रीतसर खुलासा दिला गेला, विषाणू वगैरे. माझं मन आजही वॉर्फच्या उत्तराकडे आहे, गणितवाल्यांचं अर्थातच खुलाशाकडे (प्र. ३ बघा).

८. कट्ट्यावर सत्तर वर्षांचे आजोबा आहेत आणि मी एकोणीसचा. त्यांचं खोडायचं कसं?

अहो-जाहो करून खोडायचं! वयाचा मान बोलण्याच्या पद्धतीत ठेवायचा, मतात नाही. "काका, मला हे अजिबात पटलं नाही" हे पूर्ण आदराचं वाक्य आहे. ज्येष्ठांसाठी पण तेवढंच, "तुमच्या पिढीला वाचनच नाही" हे मत नव्हे, ते कोणत्याही पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही. आणि तरुणांना अरे-तुरे करायचं असेल तर आधी विचारा, काहींना आवडतं, काहींना नाही.

९. राजकारण आणू नका असा नियम का करत नाही?

हा प्रश्न दर निवडणुकीच्या आसपास येतोच. केला होता नियम, दोन महिने टिकला, कारण परग्रहावरची वसाहत, क्लोनचे हक्क, हुकूमशहा यंत्रं यावर राजकारण न आणता बोलायचं कसं हे कोणालाच जमेना.

चाहत्यांच्या इतिहासात हे पहिल्या दिवसापासून आहे. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन भरलं तेव्हा फ्युचुरियन्स नावाच्या डाव्या विचारांच्या गटातल्या सहा जणांना दारातूनच परत पाठवलं. त्यांच्यातला एक होता फ्रेडरिक पोल, तेव्हा विशीसुद्धा गाठलेली नव्हती. बाहेर ठेवलेली ही मंडळी पुढे लेखक झाली, संपादक झाली, त्यांच्यातल्या डोनाल्ड वॉलहाइमने स्वतःची प्रकाशन संस्था काढली. म्हणजे ज्यांना दारात अडवलं त्यांनीच पुढे घराच्या भिंती बांधल्या.

आणि आता हे बघा. १९६८ साली अमेरिकेत व्हिएतनाम युद्धावरून लेखकांमध्ये उभी फूट होती. त्या वर्षी जूनच्या गॅलक्सी मासिकात समोरासमोर दोन जाहिराती छापून आल्या, एकीत अमेरिकेने तिथेच राहावं म्हणणाऱ्या ७२ जणांची नावं, दुसरीत विरोध करणाऱ्या ८२ जणांची. त्यातले दोन मोठे लेखक, हाइनलाइन पहिल्या यादीत, असिमॉव्ह दुसरीत. गॅलक्सीचा तेव्हाचा संपादक कोण, तर तोच पोल, १९३९ ला बाहेर उभा राहिलेला. मी ती दोन पानं अनेकदा डोळ्यासमोर आणते. दोन्ही याद्यांतली माणसं एकमेकांच्या कथा वाचत होती आणि त्याच मासिकात लिहीत होती.

आमच्याकडे म्हणून एवढंच ठरलंय की राजकारण पुस्तकाच्या दारातून आलं पाहिजे. कथेतल्या हुकूमशहावर बोलताना आजचं उदाहरण आलं तर येऊ दे. पण समोर बसलेल्या माणसाने कोणाला मत दिलं हे विचारायचं नाही, ते अंदाजाने त्याच्या गळ्यात तर अजिबात मारायचं नाही.

१०. एखाद्या पात्रासाठी बाई किंवा वेगळ्या वर्णाचा कलाकार घेतला हे मला आवडलं नाही, असं म्हटलं तर मला लगेच काहीतरी लेबल लावतील का?

आमच्याकडे आधी "का" विचारतील. तुमच्या उत्तरावर पुढचं ठरेल.

डॉक्टर हू या ब्रिटिश मालिकेत डॉक्टर हे मुख्य पात्र काही वर्षांनी नवा कलाकार करतो. जुलै २०१७ मध्ये तेरावी डॉक्टर म्हणून जोडी व्हिटेकर ही नटी असणार हे जाहीर झालं, पहिल्यांदाच बाई. पाचवे डॉक्टर पीटर डेव्हिसन म्हणाले की मुलग्यांचा एक आदर्श हरवतो याचं मला थोडं वाईट वाटतं. सहावे डॉक्टर कॉलिन बेकर यांनी हे साफ खोडून काढलं, त्यांचं म्हणणं आदर्श मानायला आपल्याच लिंगाचा माणूस कशाला हवा. मला बेकर यांचं शंभर टक्के पटतं. पण डेव्हिसन यांनी त्याच वेळी हेही म्हटलं होतं की ज्यांना शंका आहे त्यांना झापू नका, सांभाळून घ्या. त्यानंतर ट्विटरवर दोन्ही बाजूंनी इतकं विखारी झालं की त्यांनी अकाउंटच बंद केलं. बेकर यांच्या उत्तरातून माझ्यासारखीला काहीतरी मिळालं, त्या शिव्यांमधून कोणालाच काही मिळालं नाही.

आता याची दुसरी बाजू, आणि इथे मी अजिबात मऊ नाहीये. २०१७ च्या शेवटी आलेल्या स्टार वॉर्सच्या सिनेमात केली मेरी ट्रॅन होती, मोठ्या भूमिकेत. तिच्यावर तिच्या दिसण्यावरून, वंशावरून इतकी घाण टाकली गेली की जून २०१८ मध्ये तिने इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. याला कोणी "वेगळं मत" म्हणत असेल तर ते आम्हाला मान्य नाही. पात्र कच्चं लिहिलंय हे मत आहे, त्याच्यावर तासभर बोलू. नटीच्या अंगावर जाणं याच्यात सिनेमाबद्दल एक अक्षर नसतं. कट्ट्यावर असं कोणी बोललं तर "कुठला सीन" वगैरे न विचारता थेट थांबवलं जातं.

११. लेखकाचं वागणं किंवा विचार मला सहन होत नाहीत. त्याचं पुस्तक चर्चेला घेतलं तर?

तुम्ही ते न वाचता येऊ शकता आणि का वाचलं नाही ते सांगू शकता (हा प्र. १ मधल्या अटीला एकमेव अपवाद). दुसऱ्यांनी वाचू नये असं मात्र म्हणता येणार नाही. बाहेर सगळीकडे हाच वाद आहे. २०१९ साली डब्लिनच्या वर्ल्डकॉनला जेनेट इंग या लेखिकेला नवोदितांचा पुरस्कार मिळाला, तो जॉन कॅम्बेल या संपादकाच्या नावाने होता, आणि तिने स्टेजवरून भाषणातच त्यांना फॅसिस्ट म्हटलं. काही दिवसांत पुरस्काराचं नाव बदललं. कॅम्बेलनी असिमॉव्ह, हाइनलाइन यांना घडवलं हे खरं, त्यांची वंशाबद्दलची मतं भयंकर होती हेही खरं. आमच्याकडे यावर जी चर्चा झाली तिच्यात शेवटपर्यंत निम्मे-निम्मे होते आणि तसेच घरी गेलो.

१२. मग मतदान घेऊन एकदाचं मिटवत का नाही?

पुढच्या महिन्याचं पुस्तक मतदानाने ठरतं, तेवढंच. पुस्तक चांगलं का वाईट यावर आम्ही हात वर करायला सांगत नाही. मतदान आलं की लोक टोळी करतात. चाहत्यांच्या मतदानाने ठरणाऱ्या ह्यूगो पुरस्कारांत २०१५ ला हेच झालं, एका गटाने ठरवून यादी फिरवली, नामांकनं भरून टाकली, बाकीचे चिडले आणि शेवटी पाच विभागांत "कोणालाच पुरस्कार नाही" हा पर्याय जिंकला. दोन वर्षांनी नामांकनाची मोजणीची पद्धतच बदलावी लागली. एक गोष्ट तेवढी चांगली झाली, एका लेखकाने आपलं नामांकन परत केलं, त्या जागी लिऊ त्सिशिन यांची थ्री-बॉडी प्रॉब्लेम आली आणि तीच जिंकली, कादंबरीचा ह्यूगो मिळवणारी पहिली अनुवादित कादंबरी. जागा सोडणाऱ्या त्या लेखकाचं, मार्को क्लूस यांचं नाव मला मुद्दाम घ्यावंसं वाटतं.

१३. लेखक स्वतः कट्ट्यावर आलेत आणि मला त्यांची कथा आवडली नाही. आता?

हा खरा नाजूक प्रसंग आहे. आमची पद्धत अशी की लेखक येणार असतील तर आधीच त्यांना विचारतो, फक्त गप्पा हव्यात की टीकापण चालेल. बहुतेक जण म्हणतात चालेल, तरी ऐकताना त्रास होतोच, तो दिसतो. म्हणून तेव्हा बोलताना शेवट बदलायला हवा होता असं सांगू नका, शेवट वाचून तुम्हाला काय झालं ते सांगा. एका लेखिकाबाईंना आमच्यातला एक मुलगा म्हणाला की तुमचा रोबो मेला तेव्हा मला काहीच वाटलं नाही आणि मला वाटायला हवं होतं. बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, मलाही लिहिताना काही वाटलं नव्हतं.

१४. वाद तापला तर कोण थांबवतं?

त्या महिन्याला जो चहा आणतो तो. दर महिन्याला माणूस बदलतो. त्याने कप वाटायला घेतले की बोलणं थांबतं, कोण बरोबर ते तो सांगत नाही. थांबल्यावर दोघांनी एकमेकांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं, समोरचा "हो, हेच म्हणत होतो" म्हणाला की पुढे चालू. निम्म्या वेळा कळतं की दोघं वेगवेगळ्या गोष्टीवर बोलत होते.

१५. मी मागच्या वर्षी एका पुस्तकाला नावं ठेवली होती आणि आता ते आवडायला लागलंय. लोक म्हणतील हा पलटला.

म्हणू दे. आमच्याकडे आता त्यासाठी सुरुवातीची दहा मिनिटं राखीव आहेत, ज्याचं मत बदललं त्याने आधी बोलायचं. ही दहा मिनिटं बऱ्याचदा सगळ्यात चांगली जातात.

१६. भांडण झाल्यावर मी येणं सोडलं होतं. परत यावंसं वाटतं पण अवघड वाटतंय.

या. माफी मागायला लावत नाही, कुठे होतात असं विचारतही नाही, खुर्च्या तशाही जास्तच मांडलेल्या असतात. ज्याच्याशी भांडण झालं तो असेल का हे आधी जाणून घ्यायचं असेल तर मला फोन करा, मी खरं सांगेन. आणि बारावीत असताना कल्याणहून येणारी ती मुलगी हे वाचत असेल (प्र. ५), तर तो सिनेमा मी मागच्या महिन्यात परत बघितला, दोनदा. मधल्या भागातल्या त्या पुलावरच्या सीनपाशी मी थांबलेय आणि तुझ्या वहीत त्याच्याबद्दल काय लिहिलं होतं ते मला विचारायचंय. तिसरा रविवार, संध्याकाळी पाच, तोच हॉल.